पाचवी-आठवीच्या सराव परीक्षेची ऑनलाइन प्रणाली : विश्रामबागच्या एका फ्रीलान्स डेव्हलपरचं काम

क्लास, शाळा किंवा मंडळासाठी ऑनलाइन नोंदणी आणि परीक्षा सुरू करायची आहे आणि कुणाकडे जावं हे कळत नाही, अशांसाठी हे सविस्तर लिहिते आहे. सांगलीत विश्रामबागला घरातूनच काम करणाऱ्या एका तरुण डेव्हलपरकडून आम्ही आमची प्रणाली बांधून घेतली. मुलगा मूळचा तासगावकडचा. एकटाच काम करतो, हाताखाली कुणी नाही. त्याच्या कामावर मी मनापासून खूश आहे, आणि दोन-तीन बाबतींत नाही, दोन्ही सांगते.

आमचं निवृत्त शिक्षकांचं छोटं मंडळ आहे. शिष्यवृत्तीच्या धर्तीवर पाचवी आणि आठवीच्या मुलांची सराव परीक्षा घेतो. शिराळ्यापासून जतपर्यंतच्या शाळा येतात. पूर्वी सगळं कागदावर असायचं. ऑगस्ट २०१९ च्या पुरात गावभागातल्या आमच्या खोलीत पाणी शिरलं. निकालाची रजिस्टरं, जुन्या प्रश्नपत्रिका, बहुतेक सगळ्याचा लगदा झाला. त्यानंतर ऑनलाइन करायचं ठरलं. आधी एका बाहेरगावच्या कंपनीचं तयार सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं होतं. दिसायला देखणं होतं, पण आमच्या परीक्षेला ते बसेना.

का बसेना, ते सांगते, कारण अडचणीची मुळं तिथेच आहेत. आठवीच्या शिष्यवृत्तीत काही प्रश्नांना, जास्तीत जास्त वीस टक्के, दोन पर्याय बरोबर असायचे आणि दोन्ही नोंदवले तरच गुण मिळायचे. त्या सॉफ्टवेअरमध्ये एका प्रश्नाला एकच उत्तर निवडता यायचं. मग मुलांचा सराव कशाचा होणार? दुसरं म्हणजे एका मोबाइल नंबरवर एकच विद्यार्थी. आमच्याकडे घरात एक फोन आणि दोन भावंडं परीक्षेला, किंवा शाळेचे गुरुजीच स्वतःच्या फोनवरून अख्ख्या वर्गाचे अर्ज भरतात. तिथे दुसऱ्या मुलाला ‘हा नंबर आधीच नोंदवलेला आहे’ म्हणून हाकलून दिलं जायचं. कंपनीला कळवलं, तर हे बदलता येणार नाही असं उत्तर आलं.

विश्रामबागच्या ह्या डेव्हलपरकडे गेल्यावर त्याने आधी जुन्या प्रश्नपत्रिका, उत्तरसूची आणि शाळांकडून आलेल्या अर्जांचे गठ्ठे मागून घेतले. नंतर आला तो प्रश्नांची यादी घेऊनच. “बाई, प्रश्नांचा क्रम प्रत्येक मुलाला वेगळा द्यायचा म्हणता, पण उताऱ्याखालचे प्रश्न फुटले तर?” “‘वरीलपैकी सर्व’ हा पर्याय फेरबदलात दुसऱ्या नंबरवर गेला तर?” “पेपरच्या मध्येच लाइट गेली तर त्या मुलाचा वेळ धरायचा की थांबवायचा?” चाळीस वर्षं पेपर काढणाऱ्या माणसाने विचारावेत असे प्रश्न, आणि तेही कोडची एक ओळ लिहायच्या आधी. मला ह्याचंच सर्वांत जास्त कौतुक आहे. आता उतारा आणि त्याचे प्रश्न एकत्रच हलतात, ‘वरीलपैकी सर्व’ जागेवरच राहतो, आणि दोन उत्तरांच्या प्रश्नाला चौकोनी खुणा दिसतात.

नोंदणीचा अर्ज तर खास. आडनाव, विद्यार्थ्याचं नाव, वडिलांचं नाव, असे आपल्या जनरल रजिस्टरच्या क्रमाने तीन रकाने आहेत, त्यामुळे प्रमाणपत्रावर नावाची उलटापालट होत नाही. वडिलांच्या जागी आईचं नाव लावायची सोय त्याने स्वतःहून ठेवली. शाळेचा अकरा आकडी यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी ओळख क्रमांक, टाकला की पहिल्या चार आकड्यांवरून राज्य आणि जिल्हा तपासला जातो. २७ महाराष्ट्राचे, ३५ सांगलीचे. चुकीचा आकडा पडला तर अर्ज तिथेच थांबतो आणि मराठीत कारण सांगतो. ज्या गुरुजींना पूर्ण वर्ग भरायचा आहे त्यांना एक्सेलची फाइल चढवता येते. फाइलमध्ये एखादी ओळ चुकली तर बाकीचे अर्ज घेतले जातात आणि चुकलेल्या ओळी लाल करून परत मिळतात. तीन वेळा तेच नाव चढवलं तरी एकच अर्ज धरला जातो.

काही शाळांच्या जुन्या अर्जांवर आधार क्रमांक असायचा. तो रकाना त्याने घेतलाच नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, मग लागत नाही ती माहिती कशाला साठवायची, असं त्याचं म्हणणं. पालकांच्या संमतीची नोंद अर्जातच होते. लहान मुलांची माहिती हाताळणाऱ्या प्रत्येकाने एवढी काळजी घ्यायला हवी असं मला वाटतं, आणि पैसे देणाऱ्याने मागितलं नसतानाही ती घेणारा माणूस मोलाचा.

फी भरण्याबद्दल जरा जास्त लिहिते, कारण सगळ्यात जास्त भांडणं तिथेच होतात. पालक यूपीआयने पैसे भरतात, खात्यातून रक्कम जाते, आणि नेमकी रेंज जाते. पान परत येत नाही, अर्ज ‘फी बाकी’ दाखवतो, पालक घाबरून पुन्हा पैसे भरतात. ह्या प्रणालीत पैसे जमा झाल्याची खबर पेमेंट गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारणारी मधली सेवा, थेट आमच्या सर्व्हरला देतो, पालकांचा फोन बंद पडला तरी. तीच खबर दोनदा आली तर दुसरी सोडून दिली जाते. शिवाय रोज रात्री गेटवेची यादी आणि आमची यादी आपोआप ताडली जाते आणि फरक असेल तर खजिनदारांना सकाळी मेसेज. आमचे खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले, हिशेबाच्या बाबतीत कडक. तेही आता निवांत असतात.

प्रश्नसंच हे मोठं काम होतं. पुरातून वाचलेल्या कॉम्प्युटरवरच्या फाइली श्री-लिपी ह्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या. जुन्या पद्धतीच्या त्या फॉन्टमधला मजकूर तसाच चिकटवला की पडद्यावर नुसती अगम्य चिन्हं. त्याने तो युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून देणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला. तरी रफार आणि ऱ्य, ऱ्ह कुठे कुठे घसरायचे, तेव्हा आम्ही शिक्षकांनी वाचून दुरुस्त केले. ते यंत्रावर सोडण्यासारखं नाही. अपूर्णांक आणि आकृत्यांचे प्रश्न मात्र चित्र करून चढवावे लागले. एक बारीक गोष्ट मला फार आवडली. पानाची भाषा मराठी आहे अशी नोंद करून त्याने असा फॉन्ट निवडला की ‘ल’ आणि ‘श’ आपल्या पाठ्यपुस्तकातल्या वळणाचे दिसतात. पाचवीच्या लेकराला अक्षर ओळखीचं दिसलं पाहिजे, ह्यावर त्याचं आणि माझं लगेच एकमत झालं.

परीक्षेच्या दिवशीचं सांगायचं तर जत आणि आटपाडीकडे रेंजचा भरवसा नाही. मुलाने उत्तर निवडलं की ते आधी फोनमध्येच साठतं आणि रेंज आली की सर्व्हरवर जातं. वेळ सर्व्हरच्या घड्याळाने मोजली जाते, त्यामुळे फोनचं घड्याळ मागे करून कुणाला जादा मिनिटं मिळत नाहीत. ७५ प्रश्न, दीड तास, अगदी खऱ्या पेपरसारखं. जतच्या एका शाळेत मधेच नेट गेलं होतं; मुलं लिहीत राहिली, आणि एकाचंही उत्तर हरवलं नाही. त्या शाळेच्या बाईंचा फोन आला तेव्हा मला अक्षरशः हायसं वाटलं.

आता न आवडलेलं. एकटा माणूस आहे, हे कायम लक्षात ठेवा. नोंदणीच्या शेवटच्या संध्याकाळी एका शाळेची फाइल अडकली आणि त्याने फोन उचलला तो रात्री साडेनऊनंतर. काम दहा मिनिटांत केलं, पण तोवर आमचा जीव टांगणीला. तेव्हापासून आम्ही करारात लिहून घेतलंय की नोंदणीचा शेवटचा आठवडा आणि परीक्षेचा दिवस तो फोनवर हजर असेल. तुम्हीही हे आधीच लिहून घ्या. जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. त्यांच्यासाठी कन्नड प्रश्नपत्रिकेची सोय सांगितल्यापेक्षा बरीच उशिरा मिळाली. मिरजेच्या उर्दू शाळांचं तर अजून बाकीच आहे. उर्दूत ओळ उजवीकडून सुरू होते आणि गणितात मध्येच आकडे येतात, तिथे पानाची मांडणी बिघडते. घाईत अर्धवट द्यायला तो तयार नाही. त्याचं कारण मला पटतं, पण ती मुलं ह्या वर्षीही कागदावरच बसली, ह्याचं वाईट वाटतं. आणि वापरायची माहितीपुस्तिका त्याने इंग्रजीत दिली होती. मराठीत मागून घ्यावी लागली.

पैशांचं : बांधणीचे ९० हजार, तीन हप्त्यांत, शेवटचा हप्ता पहिली परीक्षा सुरळीत पार पडल्यावर. वर्षाची देखभाल १५ हजार. वेबसाइटचं नाव, सर्व्हरचं खातं, गेटवेचं खातं, सगळं मंडळाच्या नावावर, आणि पासवर्ड बंद पाकिटात अध्यक्षांकडे. उद्या त्याने काम सोडलं तरी दुसरा कुणी कोड उघडून पुढे नेऊ शकेल, हेही कागदावर आहे. तयार सॉफ्टवेअरच्या भाड्यापेक्षा पहिल्या वर्षी महाग पडतं. दोन-तीन परीक्षांपुरतंच हवं असेल तर ह्या वाटेला जाऊ नका. दरवर्षी घेणार असाल, आणि तुमच्या परीक्षेचे नियम चारचौघांपेक्षा वेगळे असतील, तर जरूर जा.

मात्र जायचं तर मे-जूनमध्ये. शिष्यवृत्तीची परीक्षा साधारणपणे फेब्रुवारीत येते, त्यामुळे दिवाळीनंतर सगळ्यांचे सराव पेपर एकदम सुरू होतात आणि तेव्हा तो नवीन काम घेत नाही.