दीड तासात फुल होणारी स्कूटर

"दीड तासात फुल होते ताई. नवीन गाडीला पाच तास लागतात." दुकानदाराचं हे बोलणं मला गाडीचा गुण वाटलं आणि मी ४२,००० रुपये मोजले. गाडीचा रोग त्याच वाक्यात होता, हे कळायला मला तीन आठवडे लागले. जुनी इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायच्या विचारात असाल तर हे शेवटपर्यंत वाचा.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. मोती चौक, राजवाडा, समर्थ मंदिर, बोगदा आणि परत करंजे, असे रोजचे पंचवीस-तीस किलोमीटर होतात. पेट्रोललाच महिन्याला दोन हजारांच्या आसपास जायचे. म्हणून महामार्गालगतच्या एका जुन्या गाड्यांच्या दुकानात गेले. गाडी चकचकीत होती. मीटरवर ६,१०० किलोमीटर, कंपनीच्या तीन वर्षांच्या बॅटरी वॉरंटीतलं एक वर्ष शिल्लक, असं त्याने सांगितलं आणि वॉरंटी कार्डही दाखवलं. चक्कर मारायला दिली ती सर्व्हिस रोडवर, सपाट, जेमतेम दोन किलोमीटर. चार्ज ९९ वरून ९६ वर आला. मी त्याच दिवशी इसार दिला.

पहिले काही दिवस मी दुपारी जेवायला घरी आले की गाडी चार्जिंगला लावायची, त्यामुळे काहीच लक्षात आलं नाही. मग एकदा आठवडी बाजाराच्या दिवशी दुपारी घरी जाणं जमलं नाही. संध्याकाळी पाचला राजवाड्याकडून समर्थ मंदिराच्या चढाला लागले. मीटरवर ७१ टक्के. निम्म्या चढावर गाडीने एक हिसका दिला आणि बंद पडली. पुन्हा चालू केली तर मीटरवर शून्य. पर्समध्ये दिवसभराची वसुली, सहाच्या आत शाखेत भरणा करायचा आणि मी रस्त्याच्या कडेला गाडी धरून उभी. दहा मिनिटांनी ती परत चालू झाली, थोडी सरकली, पुन्हा बंद. शेवटी एका भाजीवाल्या मावशींच्या मुलाने ढकलत खाली आणून दिली. त्या रात्री शून्यापासून चार्जिंग लावलं आणि खरोखरच दीड तासात शंभर टक्के झालं. तेव्हा पहिल्यांदा मनात शंका आली.

ओळखीच्या एका इलेक्ट्रिक गाड्यांच्या मेकॅनिकदादांकडे गाडी नेली. त्यांनी बॅटरी उघडायच्या आधी चार्जर एका छोट्या युनिट-मीटरच्या सॉकेटला लावला. बॅटरीवर ६० व्होल्ट, ३० अँपिअर-अवर (म्हणजे तिच्यात किती चार्ज मावतो ते माप) लिहिलेलं. ती रिकामी असताना भरायला भिंतीतून साधारण दोन युनिट वीज जायला हवी. माझ्या बॅटरीने ०.६ युनिट घेतली आणि फुल झाली. दादा म्हणाले, "ताई, मोठ्या कळशीच्या जागी तांब्या असला की लवकरच भरणार." चार्जर तोच, सहा अँपिअरचा. त्याला तीस अँपिअर-अवर भरायला पाच तास लागतात. दीड तासात फक्त नऊ भरतात.

मग मी गाडी पुन्हा बंद पडेपर्यंत चालवली आणि त्यांनी माझ्यासमोर झाकण काढलं. झाकणाचे स्क्रू आधीच कुणीतरी उघडलेले, सील तुटलेलं. आत सेलचे सोळा गट एकापुढे एक जोडलेले. दादांनी मल्टिमीटरची टोकं एकेका गटावर टेकवली आणि मी आकडे वहीत लिहीत गेले: ३.८६, ३.८५, ३.८७... नवव्या गटावर ३.०४ व्होल्ट. बाकीच्या गटांच्या सेलवर हिरवं वेष्टण होतं. नवव्यात चार सेल गुलाबी, आणि त्यांच्या पट्टीवर डाग देताना (सोल्डरिंग करताना) उडालेले शिशाचे थेंब. कुठल्या तरी जुन्या पॅकमधून काढून बसवलेले.

दादांनी समजावलं ते असं. सगळ्या गटांतून करंट सारखाच जातो. कमजोर गट, म्हणजे माझा नववा, सगळ्यांच्या आधी रिकामा होतो, आणि चढावर ताण पडला की त्याचा व्होल्टेज झपकन खाली येतो. तो गट वाचवायला आतला बीएमएस, म्हणजे बॅटरीची राखण करणारा सर्किट-बोर्ड, सगळी गाडीच बंद करतो. चार्जिंगला उलटं. तोच गट आधी भरतो आणि बीएमएस चार्जिंग थांबवतो. टक्केवारी मात्र कागदावरच्या तीस अँपिअर-अवरच्या हिशेबाने दिसते, म्हणून ७१ वर असताना गाडी बंद पडली. सपाट रस्त्यावरच्या दोन किलोमीटरांत यातलं काहीही उघडं पडत नाही.

वॉरंटीसाठी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले, तिथे उरलंसुरलंही कळलं. कार्डावरचा बॅटरीचा नंबर आणि पॅकवरचा नंबर वेगळा. चासी नंबर टाकल्यावर शेवटची सर्व्हिस २१,४०० किलोमीटरला झालेली दिसली. म्हणजे मीटरही बदललेला. मागचा टायर आणि पायाखालचं रबर झिजलेलं मी दुकानात पाहिलं होतं, पण विचारलं नव्हतं. आता कुणी विचारलं तर मी आधी हेच सांगते: चासी नंबर घेऊन एकटीने सर्व्हिस सेंटरला जा, बॅटरीचा नंबर जुळवा, मगच इसार द्या. विकणारा यासाठी एक दिवस थांबायला तयार नसेल तर तिथेच सोडून या. गाडी मागे माणूस बसवून चढावर न्या, आणि चार्ज वीस टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत चालवा. दोन-तीन तास जातील, जाऊ द्या.

दुसरी गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. असा उघडून जोडलेला, वेगवेगळ्या सेलचा पॅक पेट घेऊ शकतो. २०२२ साली देशात स्कूटर पेटल्याच्या घटना घडल्यानंतर त्याच वर्षी डिसेंबरपासून बॅटरीसाठी एआयएस १५६ या सुरक्षा मानकाचे नियम कडक झाले. कोपऱ्यातल्या दुकानात जोडलेल्या पॅकची तशी कुठली चाचणी झालेली नसते. मी तीन आठवडे तो जिन्याखाली, मुलांच्या खोलीच्या दाराशी, रात्री चार्जिंगला लावत होते. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुकानदाराने पावतीवरची ओळ दाखवली: "गाडी पाहून-तपासून घेतली, नंतर तक्रार चालणार नाही." मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली. गाडीची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी लागली नाही, वकीलही केला नाही. दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पावती, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, सर्व्हिस सेंटरचा कागद आणि वहीतल्या सोळा आकड्यांचा फोटो जोडला. तो धंदा करणारा दुकानदार असल्यामुळे हे शक्य झालं. कुणी स्वतःची वापरलेली गाडी घरून विकली असती तर आयोगाचा हा मार्ग मला मिळाला नसता.

दादा नववा गट बदलून द्यायला तयार होते. मी नको म्हटलं, कारण तो पॅक आता पुरावा आहे. गाडीतून काढून मागच्या अंगणात, घरापासून लांब, पत्र्याच्या सावलीत विटांवर ठेवलाय. पुढच्या तारखेपर्यंत तो तिथेच राहील. वसुलीला मी भावाची गाडी नेते आणि राजवाड्यापासून पुढे चालत जाते.