म्हापशातलं जनावरांचं क्लिनिक: डॉक्टर सरळ, फोन उचलणं शून्य

आमच्या कुत्र्याने, मोतीने, जेवण टाकलं, हिरड्या पांढऱ्या, नाकातून रक्त, मग पेडण्याहून रिक्षात घालून इथे आणला. पहिल्याच दिवशी रोगाचं नाव हवं असेल तर वैतागाल. गोचीड तापाची किट टेस्ट निगेटिव्ह आली तरी डॉक्टर म्हणाले, "ताई, ही किट रोगाविरुद्ध शरीराने बनवलेल्या अँटिबॉडी शोधते आणि सुरुवातीला त्या तयार झालेल्याच नसतात, त्यामुळे तो नाहीच असं म्हणता येत नाही", त्यात पावसाळा म्हणून लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिस) संशय, मग पीसीआरला, म्हणजे थेट जंतू शोधणाऱ्या टेस्टला, रक्त बाहेर पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं कारण ते दोन्हीवर चालतं. उगाच छातीठोक काही सांगितलं नाही हे मला जाम आवडलं. प्लेटलेट्स 30 हजारांवर घसरलेल्या, एरवी 2 लाखांच्या वर हव्यात. शेवटी एर्लिकियाच, म्हणजे गोचीड तापाचा जंतूच, निघाला. गोळी 28 दिवस, जेवणासोबतच, नाहीतर उलटी, आणि कुत्रा उड्या मारायला लागला तरी मधेच बंद करायची नाही. घरातल्या फटींमधले गोचीडही मारायला लावले.

बिल आयटमवार देतात. पण रविवारी बंद, वेटिंगमध्ये मांजरं-कुत्री एकत्र आणि पंखा एकच. 5 पैकी 4, एक फोनसाठी कापला.