सनद असलेला लुटारू आणि सनद नसलेला: एका श्राव्य व्याख्यानमालेविषयी

समुद्री चाच्यांच्या खऱ्या इतिहासावरची बारा भागांची एक श्राव्य व्याख्यानमाला मी गेल्या महिन्यात विकत घेऊन ऐकली, आणि तिचे चौथा व सातवा हे भाग दोनदा ऐकले. लाकडी पाय, खांद्यावरचा पोपट आणि पुरलेल्या खजिन्याचा नकाशा यांच्या पलीकडे ज्यांना जायचे आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. मात्र पहिल्या भागावरून मत बनवू नये, कारण मालेतील सर्वांत कच्चा भाग तोच आहे. त्यात निवेदनावर तोफांचे आणि वादळाचे आवाज इतके चढवले आहेत की काही वाक्ये मागे जाऊन पुन्हा ऐकावी लागतात. शिवाय ब्लॅकबिअर्ड हा चाचा लढाईच्या वेळी टोपीखाली जळत्या वाती खोचत असे, ही गोष्ट जणू कोणी शपथेवर सांगितल्याप्रमाणे मांडली आहे. ती 1724 साली लंडनमध्ये छापलेल्या एका चरित्रसंग्रहातून आली आणि तोवर ब्लॅकबिअर्डला मरून सहा वर्षे झाली होती, एवढे तरी श्रोत्यांना सांगायला हवे होते.

दुसऱ्या भागापासून मात्र माला आपल्या खऱ्या विषयावर येते. युद्धकाळात सरकार खासगी जहाजमालकांना शत्रूची जहाजे पकडण्याची सनद देत असे, आणि अशा सनदधारकाला प्रायव्हेटियर म्हणत. पकडलेले जहाज बंदरात आणून ॲडमिरल्टी न्यायालयापुढे, म्हणजे सागरी खटले चालवणाऱ्या न्यायालयापुढे, उभे करावे लागे. न्यायालयाने ती कायदेशीर लूट ठरवली, तरच माल विकून वाटे पडत. युद्ध संपले की सनदही संपे, पण खलाशाचे पोट तेच राही. युद्ध थांबवणाऱ्या 1713 च्या उट्रेक्टच्या तहानंतर असे कितीतरी खलाशी बेकार झाले आणि त्यांपैकी अनेकांनी बहामा बेटांतील नासाऊ गाठले. बेंजामिन हॉर्निगोल्ड आधी प्रायव्हेटियर होता, मग चाचा झाला आणि 1718 मध्ये राजाची माफी स्वीकारून चाच्यांनाच पकडू लागला. एकाच माणसाच्या या तीन अवस्था व्याख्यात्याने ज्या शांतपणे उलगडल्या आहेत, त्यासाठीच मी हा भाग इतरांना ऐकायला सांगतो.

चौथा भाग कॅप्टन किडचा आहे आणि माझ्या मते तो या मालेचा प्राण आहे. किड इंग्लंडच्या राजाची सनद घेऊन निघाला होता आणि त्याच्या मोहिमेत तिथल्या बड्या उमरावांचा पैसा होता. जानेवारी 1698 मध्ये हिंदी महासागरात ‘क्वेडा मर्चंट’ हे व्यापारी जहाज दिसताच त्याने आपल्या जहाजावर फ्रेंच निशाण चढवले. त्या काळी व्यापारी जहाजे वेगवेगळ्या राष्ट्रांचे परवाने जवळ बाळगत आणि समोरच्याचे निशाण पाहून त्यातला सोयीचा पुढे करत. इथेही फ्रेंच परवाना पुढे आला, आणि शत्रूचा, म्हणजे फ्रान्सचा, कागद हाती पडल्यामुळे ही लूट कायदेशीर आहे, असे किडने धरले. 1701 मध्ये लंडनच्या न्यायालयात तो हेच परवाने मागत राहिला, पण ते त्याला मिळाले नाहीत. 23 मे रोजी टेम्सच्या काठी त्याला फाशी देताना पहिला दोर तुटला, तेव्हा दुसऱ्यांदा चढवले. ते परवाने दोनशेहून अधिक वर्षांनी लंडनच्या सरकारी दप्तरातच सापडले. किडवर आपल्याच तोफचीला बादली मारून ठार केल्याचाही आरोप सिद्ध झाला होता. ते न लपवता व्याख्याता कागदांचा प्रश्न वेगळा काढतो, आणि हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटला.

सातव्या भागात बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याच्या जहाजावरचे करार येतात: कप्तान आणि क्वार्टरमास्टर (कप्तानाखालचा अधिकारी) यांना प्रत्येकी दोन वाटे, रात्री आठला दिवे बंद, आणि हात किंवा पाय गमावणाऱ्याला सामायिक निधीतून 800 चांदीची नाणी. मूळ करारपत्र खलाशांनी समुद्रात फेकले होते आणि आपल्याला ठाऊक आहे ते छापील पुस्तकातून, हे व्याख्याता इथे मात्र आवर्जून सांगतो.

‘व्हिडा’ या चाच्यांच्या जहाजावरचा भाग मला खटकला. 1717 मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्यावरील केप कॉडजवळ बुडालेल्या या जहाजाची नाव कोरलेली घंटा 1985 मध्ये वर आली, तिचे वर्णन सुरेख आहे. पण चाच्यांच्या हाती पडण्यापूर्वी याच जहाजाने पश्चिम आफ्रिकेतून गुलाम नेऊन कॅरिबियनमध्ये विकले होते, आणि त्या माणसांच्या वाट्याला जेमतेम दोन वाक्ये आली आहेत. याला मी मोठी उणीव मानतो.

1856 च्या पॅरिस जाहीरनाम्याने प्रायव्हेटियरिंग रद्द केले आणि अमेरिकेने त्यावर सही केली नाही, हा विषय शेवटच्या भागात घाईने उरकला आहे. सोबत एकही नकाशा दिलेला नाही. चौथा भाग ऐकताना मी हिंदी महासागराचा नकाशा समोर उघडून बसलो होतो, आणि ऐकणाऱ्यांनी तसेच करावे.