प्राथमिक शाळेचा दिवस: जपान की जर्मनी?

नोकरीसाठी योकोहामा आणि श्टुटगार्ट यांपैकी एक शहर निवडायचे असलेल्या एका जोडप्याने मुलीच्या शाळेविषयी विचारले, म्हणून येथे केवळ तिचा दिवस कसा जाईल एवढेच पाहतो.

जपानमध्ये साडेआठच्या सुमारास सुरू झालेली शाळा साधारण तीनपर्यंत चालते. जर्मनीत आठला भरणारी शाळा, पूर्णवेळ नसल्यास, बारा-एकलाच सुटते आणि दुपारच्या पाळणाघरात जागा आधीच मिळवावी लागते. ऑगस्ट 2026 पासून पहिलीच्या मुलांसाठी अशी सोय हा तेथे कायदेशीर हक्क आहे.

जेवणात जपान मला निःसंशय सरस वाटतो. पांढरे अ‍ॅप्रन घातलेली मुले भात, सूप, भाजी एकमेकांना वाढतात, शिक्षकही वर्गातच जेवतात, आणि वर्ग व जिने झाडण्या-पुसण्याचे कामही मुलेच करतात. मात्र मासे-मांस नेहमीचे असल्याने शाकाहारी कुटुंबाने शाळेशी आधीच बोलून घ्यावे. जर्मनीत मधल्या सुट्टीचा डबा बहुधा घरूनच न्यायचा असतो.

दोघेही दिवसभर कामावर जाणार असतील आणि मुलीला सामूहिक शिस्त मानवत असेल, तर जपान सोयीचा; एक पालक दुपारी घरी असेल, घरचे खाणे आणि मोकळा वेळ हवा असेल, तर जर्मनी.