‘भारत आणि शेजारी देश’ सायंवर्ग: व्याख्याने उत्तम, नोट्स जुन्या

लातूरच्या ट्यूशन एरियात बहुतेक फलक नीट आणि जेईईचेच दिसतात. तरी राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून सामान्य अध्ययनाच्या वर्गांनाही तेथे मागणी आली आहे. अशाच एका सायंवर्गातील ‘भारत आणि शेजारी देश’ या अभ्यासक्रमाचे, विशेषतः त्यातील निर्वासितांच्या प्रश्नावरील प्रकरणाचे, हे परीक्षण आहे. त्रुटींविषयीही स्पष्ट लिहायचे असल्याने वर्गाचे नाव दिलेले नाही.

व्याख्याने हेच या वर्गाचे खरे बळ आहे. १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही, एवढे कोणत्याही गाइडमध्ये सापडते. शिकवणाऱ्या मॅडमनी त्यापुढे जाऊन बांगलादेश, थायलंड, मलेशिया आणि इंडोनेशिया यांचीही सही नसल्याचे दाखवले. त्यामुळे म्यानमारमधून जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाचे पुढे काय होणार, हे या प्रदेशात कायद्यापेक्षा सरकारांच्या आपसातील बोलण्यांवर अधिक ठरते, हा धागा त्यांनी प्रकरण संपेपर्यंत सोडला नाही.

सर्वांत चांगले व्याख्यान रोहिंग्यांच्या, म्हणजे म्यानमारमधील मुस्लिम अल्पसंख्याकांच्या, परतवणीवर झाले. २५ ऑगस्ट २०१७ नंतर म्यानमारच्या राखाइन प्रांतातून सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशातील कॉक्स बाजार जिल्ह्यात आले आणि तीन महिन्यांच्या आत, २३ नोव्हेंबरला, दोन्ही देशांनी परतवणीचा समझोता केला. ढाक्याला हे ओझे कायमचे नाही असे आपल्या जनतेला सांगता आले पाहिजे होते, म्यानमारची राजधानी नेपिडोला आंतरराष्ट्रीय दबाव सैल करायचा होता आणि बीजिंगला हा विषय दोन शेजाऱ्यांपुरताच राहायला हवा होता. तिघांचीही गरज कागदाने भागली. प्रत्यक्षात नोव्हेंबर २०१८ मध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०१९ मध्ये छावणीपाशी वाहने तयार ठेवूनही परत जायला कोणी निघाले नाही, कारण नागरिकत्वाची आणि जिवाची हमी त्या कागदात नव्हती. ज्यांना परत पाठवायचे होते त्यांना कोणी विचारले होते का, या एकाच प्रश्नावर मॅडमनी दीडशे शब्दांचे उत्तर लिहून घेतले. परीक्षेच्या तयारीत असा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेवरील भागही नेमका होता. मे २०१५ मध्ये अंदमान समुद्रात भरकटलेल्या नौकांतील लोकांना मलेशिया आणि इंडोनेशिया यांनी आसरा देऊ केला, तो एका वर्षापुरता आणि पुढील पुनर्वसन इतर देशांनी करावे या अटीवर. १ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावानंतर २४ एप्रिलला जकार्ता येथे पाच मुद्द्यांवर सहमती झाली. हिंसा थांबवणे, संवाद, विशेष दूत, त्याची भेट आणि मानवतावादी मदत हे सारे त्यात आहे. देश सोडून गेलेल्यांना शेजाऱ्यांनी कसे वागवावे याचा मुद्दा मात्र नाही. अंतर्गत कारभारात हस्तक्षेप न करण्याचे तत्त्व जपणाऱ्या संघटनेकडून याहून वेगळे घडले असते असे मला वाटत नाही. मॅडम आसियानविषयी थोड्या अधिक आशावादी आहेत.

भारताच्या बाजूचे विवेचन मिझोरामवर केंद्रित होते. १० मार्च २०२१ रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाने सीमावर्ती राज्यांना म्यानमारमधून होणारा अवैध प्रवेश रोखण्यास कळवले, तर काही दिवसांतच मिझोरामचे तेव्हाचे मुख्यमंत्री झोरमथांगा यांनी हे आपल्या राज्याला मान्य होणार नाही असे पंतप्रधानांना पत्राने कळवले, कारण म्यानमारमधून येणारे चिन जमातीचे लोक मिझोंचे रक्ताचे नातलग मानले जातात. दिल्लीला ईशान्येतील बंडखोर गट, म्यानमारमार्गे मिझोरामला समुद्राशी जोडणारा कलादान प्रकल्प आणि चीनचा वाढता वावर यांमुळे म्यानमारच्या लष्कराशी बोलणे तोडता येत नव्हते. ऐझॉलला दारात आलेल्यांना पाठ दाखवता येत नव्हती. परराष्ट्र धोरण केंद्राचे आणि अन्न, निवारा, शाळा यांचा भार राज्याचा, चर्चचा व स्थानिक संघटनांचा, ही ओढाताण इतक्या स्पष्टपणे मी अन्य वर्गात ऐकलेली नाही.

छापील नोट्स मात्र या उंचीच्या जवळपासही पोहोचत नाहीत. त्यांत म्यानमार सीमेवरील रहिवाशांच्या व्हिसाविना मुक्त संचाराची मर्यादा अजून १६ किलोमीटर छापलेली आहे. ही व्यवस्थाच रद्द करण्याची घोषणा फेब्रुवारी २०२४ मध्ये झाली होती, याचा उल्लेखही नाही. १९४६ च्या परदेशी नागरिक कायद्याची जागा २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली, हेही नोट्समध्ये नाही. १९७१ चे प्रकरण तर युद्धापुरतेच उरले आहे. सुमारे एक कोटी निर्वासितांचा भार हाच इंदिरा गांधींच्या त्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पाश्चात्त्य राजधान्यांच्या दौऱ्याचा मुख्य युक्तिवाद होता. तो वगळला तर निर्वासित आणि मुत्सद्देगिरी यांचा संबंध दाखवणारे भारताचे सर्वांत ठळक उदाहरणच हातचे जाते. श्रीलंकेतील तमिळांना एक पान मिळाले आहे, सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेला चार ओळी. द्विपक्षीय आणि वादग्रस्त विषय चर्चेत घ्यायचे नाहीत असे सार्कची सनदच सांगत असल्याने त्या चार ओळी पुरेशा आहेत, हे मान्य करावे लागेल.

एक उणीव खास आपल्याकडची आहे. १९४७-४८ मध्ये रझाकारांच्या जाचाने मराठवाड्यातील कितीतरी कुटुंबे निजामाची हद्द ओलांडून बार्शी, सोलापूरकडे गेली होती, आणि त्याच काळात, २९ नोव्हेंबर १९४७ पासून, दिल्ली व हैदराबाद यांच्यात आधीचे संबंध तात्पुरते तसेच ठेवणारा ‘जैसे थे’ करार लागू होता. बॅचमध्ये धाराशिव आणि नांदेडकडची मुले होती. त्यांच्या आजी-आजोबांच्या पिढीचा हा अनुभव वर्गात एकदाही निघाला नाही.

उत्तरतपासणी सुमार आहे. वहीवर ‘चांगला प्रयत्न’ आणि गुण एवढेच येते, गुण कशाचे कापले हे समजत नाही. खोली दाटीची असली तरी मागच्या बाकापर्यंत आवाज नीट पोहोचतो. फी पूर्ण अभ्यासक्रमाची एकदमच भरावी लागते; केवळ व्याख्यानांची सोय विचारल्यास मिळते, आणि संदर्भग्रंथ व वृत्तपत्रे स्वतः वाचणाऱ्याने तीच घ्यावी. नव्या नोट्स पुढील बॅचपर्यंत छापू, असे कार्यालयातून सांगण्यात आले आहे. त्या हाती येईपर्यंत जुन्या संचासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.