अकरावीची फिजिक्सची गणितं आणि फायफॉक्स: जूनपासूनचा अनुभव

अकरावीच्या मुलांकडून फिजिक्सची गणितं करून घेताना जूनपासून फायफॉक्स वापरतोय. जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठाने 2016 मध्ये आणलेलं हे ॲप फुकट आहे, जाहिराती नाहीत, आणि मोबाइलमधले सेन्सर जे मोजतात ते थेट आलेखात दाखवतं. आधीच सांगतो, ते गणित सोडवून देत नाही. उत्तर आपण वहीत काढायचं, मग मोजून बघायचं. मला ते आवडलं ते याचसाठी.

सगळ्यात कामाला आलं ते लिफ्टच्या गणितात. खाली जाणारी लिफ्ट थांबायला आलीय, तर वजनकाट्यावरचा आकडा वाढेल की घटेल? ‘खाली जातेय म्हणजे घटेल’ हे उत्तर वर्गात ठरलेलं. फळ्यावर समीकरण मांडलं की माना डोलतात, पण पटलेलं नसतं. मग फोन लिफ्टच्या फरशीवर सपाट ठेवला, गुरुत्वासहित त्वरण मोजणारा प्रयोग सुरू केला आणि मुलांसोबत खाली आलो. लिफ्ट उभी असताना रेषा 9.8 (मीटर प्रति सेकंद वर्ग) वर. सुटताना ती 9.1 च्या आसपास उतरली, मधले मजले जाताना परत 9.8, आणि तळमजल्यावर थांबताना 10.5 पर्यंत चढली. 60 किलोचा माणूस धरला तर 588 न्यूटनचे 630 न्यूटन. खरं शिकवतो तो मधला सपाट तुकडा. लिफ्ट चालू आहे, वेग आहे, तरी वजन जसंच्या तसं. कारण लिफ्टचं त्वरण शून्य. फरशी वर किती रेटते, ते दर किलोमागे सेन्सर सांगतो. म्हणूनच फोन 80 सेंटीमीटरवरून गादीवर सोडला, तर साधारण 0.4 सेकंद रेषा शून्याजवळ राहते. गतीच्या समीकरणातून वेळही तेवढाच येतो.

घर्षणाचं काम झटपट होतं. फळीला फोन चिकटवा, वर कंपासपेटी ठेवून फळीचं एक टोक हळूहळू उचला, पेटी घसरली की कोन वाचा. 22 अंश आले तर घर्षण गुणांक, म्हणजे त्या कोनाचा टॅन्जंट, 0.4. पेटी रिकामी असो की भरलेली, कोन जवळपास तोच येतो.

ध्वनीलहरींत मात्र रमायला होतं. ॲपमधून 512 हर्ट्झचा स्वर लावायचा आणि बादलीतल्या पाण्यात पाइप वरखाली करत आवाज एकदम कुठे भरतो ते ऐकायचं. 27 अंश तापमानाला ध्वनीचा वेग 347 मीटर प्रतिसेकंद धरला तर तरंगलांबीचा चौथा भाग 16.9 सेंटीमीटर. पट्टीवर आले सुमारे 16. मुलं म्हणाली, ‘सर, चुकलं.’ पाइपचा आतला व्यास 3 सेंटीमीटर होता, त्याला 0.3 ने गुणलं की 0.9, म्हणजे नेमका उरलेला फरक. पाइपच्या तोंडाबाहेरची थोडी हवाही कंप पावते म्हणून लांबीत मिळवायची ही अंत्य दुरुस्ती, एरवी पाठ करायची ओळ. त्या दिवशी मुलांनी ती मागून घेतली.

आता मर्यादा. स्वस्त फोनमध्ये वायुदाब मोजणारा सेन्सर बहुधा नसतो, मग लिफ्टची उंची आणि वेग काढणारा तयार प्रयोग चालत नाही. काही फोन टेबलावर ठेवल्या ठेवल्या 9.9 दाखवतात, म्हणून स्थिर वाचन आधी घ्यावं. त्वरणाची बेरीज करत वेग काढायला गेलात तर चूक साठत जाते आणि थांबलेला फोनही पळताना दिसतो. टाळीच्या आवाजावर चालणारं घड्याळ रस्त्याकडेच्या खोलीत हॉर्नलाही थांबतं. आणि एमएचटी-सीईटी या राज्याच्या प्रवेश परीक्षेला फिजिक्स-केमिस्ट्री मिळून 90 मिनिटांत 100 प्रश्न असतात. तो वेग वहीवरच्या सरावानेच येतो, तिथे हे ॲप कामाचं नाही.

नव्याने घेणाऱ्यांनी लिफ्टपासून सुरुवात करा. ठरावीक वेळाने मोजणी आपोआप सुरू आणि बंद करायची सोय आहे, ती वापरा. नाहीतर स्क्रीनला बोट लावल्याचे धक्केही आलेखात येतात. फोन सोडायचा तर गादी जाडच घ्या.