गाडीकर्जाची तक्रार: लोकपाल की ग्राहक आयोग?

नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका ऑटोचालक दादांचा प्रश्न: हप्ते फिटले, फायनान्स कंपनी एनओसी (ना-हरकत दाखला) देत नाही, आरटीओत गाडीवरचा बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, उतरत नाही. जावं कुठे?

खर्च: रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे (बँका आणि फायनान्स कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी) शुल्क नाही, वकील लागत नाही. नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगातही 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, पण तारखांना हजर राहावं लागतं, तेवढी रोजी बुडते.

मुदत: आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा, पोच जपा. 30 दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही, तर लोकपाल. आयोगात तक्रार करायची मुदत 2 वर्षं.

ताकद: इथे खरा फरक आहे. कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत देऊन बोजा उतरवायचा, चूक कंपनीची असेल तर रोज 5000 रुपये भरपाई, हा रिझर्व्ह बँकेचा 2023 चा नियम, पण तो वैयक्तिक कर्जांसाठी आहे, धंद्याच्या गाडीच्या कर्जाला लागत नाही. तरी कर्ज फिटूनही एनओसी न देणं ही सेवेतली सरळ चूक आहे, तिला लोकपाल पुरे. पण वसुलीवाल्यांनी भर रस्त्यात गाडी ओढून नेली असेल, साक्षीपुरावे तपासायचे असतील, तर आयोगच. तो अंतरिम आदेशही देऊ शकतो. पोटापाण्यासाठी स्वतः ऑटो चालवणाराही कायद्याने ग्राहकच आहे, हे कुणी नाकारलं तर ऐकू नका.

दादांनी लोकपालाकडेच जावं. मात्र आयोगात आधी खटला टाकला, तर त्याच तक्रारीसाठी लोकपालाचं दार बंद होतं.